पोलिसांच्या गैरवागणुकीमुळे लोक त्यांना मदत करणं खरंच थांबवतात का?

थांबवतात. पोलिसांना ते कळत नाही, कारण तोंडावर नकार कुणीच देत नाही.

नाशिकला सातपूरमध्ये माझं हार्डवेअरचं दुकान आहे. शेजारच्या मेडिकलवाल्याचा मोबाईल सिटीलिंकच्या बसमध्ये खिशातून मारला. शहरातल्या एका ठाण्यात त्याला बराच वेळ बाकावर बसवलं, अरे-तुरे केलं, "पडला असेल कुठंतरी" म्हणत चोरीऐवजी 'गहाळ' लिहून घेतलं. गुन्हा नोंदलाच नाही की ठाण्याचा आकडा कमी दिसतो. पुढे आमच्या गल्लीतून एका भाडेकरूची मोटारसायकल गेली. पोलीस फुटेज मागायला आले तेव्हा मेडिकलवाला म्हणाला, "कॅमेरा बंद आहे, साहेब." कॅमेरा चालू होता. समोरच्या दोघांनीही तेच सांगितलं. अपमान एकाचा झाला, नुकसान त्या भाडेकरूचं.

आता कोर्टात काय होतं ते बघा. पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्याकडे पुरावा धरत नाहीत. 1872 च्या पुरावा कायद्यात तसं कलम 25 होतं, आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात 23 आहे. म्हणजे खटला उभा राहतो तो साक्षीदारावर आणि पंचावर. चांगला माणूस "कोर्टाची पायरी नको" म्हणून पंच व्हायला टाळतो, मग ठाण्याच्या आसपासची नेहमीचीच माणसं पंचनाम्यावर सह्या करतात आणि उलटतपासणीत वकील नेमकं तेच काढतो. मारझोड करून घेतलेला जबाब म्हणूनच मला अन्यायाचा तर वाटतोच, पण निरुपयोगीही वाटतो.

आमच्याकडे एक हवालदार होते. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) उचलून नेत नसत, पेनड्राइव्हवर फुटेज घेत आणि पुढे काय झालं ते फोन करून कळवत. लोक आपणहून त्यांना माहिती द्यायचे. बदली झाली आणि ते बंद पडलं. हा विश्वास वर्दीवर नव्हता, त्या माणसावर होता, ही मला सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते. राज्याचे फौजदार इथेच, त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत घडतात. तक्रारदाराशी कसं बोलायचं, हे तिथे कायद्याइतकंच कसून शिकवायला हवं. 2027 च्या सिंहस्थात याच गल्ल्यांकडून मदत लागणार आहे.

तुमच्यावर अशी वेळ आली तर: दखलपात्र गुन्ह्याचा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, जसं चोरी) एफआयआर घ्यावाच लागतो, असं सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. नाही घेतला तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली लेखी तक्रार वरिष्ठांकडे पाठवा, शहरात पोलीस उपायुक्तांकडे. तिथेही दाद मिळाली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.