आधी कुंपण, मग विमानं

प्रिय दोस्ता,

तुला बांधायच्या मॉडेलांची तुझी यादी दोनदा वाचली. वर ‘दुसऱ्या महायुद्धातली विमानं’ आणि खाली 114 नावं. एकेक नाव किती प्रेमानं लिहिलं आहेस ते कळतं. पण या यादीत काय बसणार नाही, ते मला कुठं सापडलं नाही. संग्रह तिथंच अडतो.

मीही पहिली काही वर्षं समोर येईल ते किट उचललं. चाळीसेक मॉडेलं झाली, दोन स्केलची (1/48 म्हणजे खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतकं मॉडेल). 1/48 चं स्पिटफायर आणि 1/72 चं मॉस्किटो शेजारी ठेवलं की दोघांचा पंखविस्तार जवळपास सारखाच, 23 सेंटिमीटर. प्रत्यक्षात एक सव्वाअकरा मीटरचं, दुसरं साडेसोळा. फळीकडे बघणाऱ्याला ती दोन्ही एकाच मापाची वाटायची. मला ते सलत राहिलं आणि त्यातली बरीच मॉडेलं मी वाटून टाकली. म्हणून माझा पहिला हट्ट: एका संग्रहात एकच स्केल.

पण स्केल ठरवायच्या आधी विषय नीट आवळ, आणि तो प्रश्नाच्या रूपात लिहून बघ. समज, तुला ब्रिटन आणि अर्जेंटिनातलं 1982 चं फॉकलंड युद्ध घ्यायचंय. 2 एप्रिल ते 14 जून, म्हणजे काळ आटोपशीर. तरीही ‘फॉकलंडमधली विमानं’ म्हटलंस की दार सताड उघडं. 30 एप्रिलच्या रात्री अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरून निघालेलं ब्रिटिश व्हल्कन बॉम्बर घेतलंस, की त्याला वाटेत इंधन देणारं व्हिक्टर टँकर हवंच. त्या एका मोहिमेला 11 व्हिक्टर लागली होती. 1/72 मध्ये व्हल्कनचा पंखविस्तार 47 सेंटिमीटर, व्हिक्टरचा त्याहून थोडा जास्त. दोन मॉडेलांत फळी संपली.

आता असा प्रश्न लिही: ब्रिटिश नौदलाच्या सी हॅरिअर जेटनं हवेत अर्जेंटिनाची कोणकोणती विमानं पाडली? लगेच कुंपण पडतं. मिराज 3, डॅगर, स्कायहॉक, कॅनबेरा, पुकारा. एक्झोसे क्षेपणास्त्र घेऊन जहाजांवर चालून गेलेलं सुपर एतांदार बाहेर. मला ते विमान फार आवडतं, तरी बाहेर. आणि मग एक अवघड पाहुणा आत येतो: 1 जूनला पाडलेलं सी-130 हर्क्युलस. 1/72 मध्ये त्याचा पंखविस्तार 56 सेंटिमीटर, सी हॅरिअरचा जेमतेम 11. इथं दोन वाटा आहेत. प्रश्न ‘पाडलेली जेट विमानं’ इतका आवळायचा, म्हणजे हर्क्युलसबरोबर पुकाराही जाईल. किंवा 1/144 स्केल घ्यायची, म्हणजे हर्क्युलस 28 सेंटिमीटरवर येईल. मी 1/144 घेईन. चार इंजिनांचं ते थोराड मालवाहू शेजारी उभं असलं, की जेमतेम साडेपाच सेंटिमीटर पंखांचं ते हॅरिअर किती चिमुकलं होतं, हे सांगावं लागत नाही. मात्र एकही किट घेण्याआधी सगळी नावं त्या स्केलमध्ये मिळतात का, ते तपास. एखादं नसेल तर ते आजच कळू दे. पाच मॉडेलं रंगवून झाल्यावर कळलं की फार जीव तुटतो.

प्रत्येक मॉडेलापुढं तारीखही लिही. शांततेच्या काळात सी हॅरिअरचं पोट पांढरं असे. ब्रिटिश ताफा दक्षिणेकडं निघाला तेव्हा ते गडद करड्या रंगानं झाकलं गेलं. नंतर पोचलेल्या 809 स्क्वाड्रनची विमानं फिकट करडी होती. तारीख नसली की तू खोक्यावरच्या चित्रावर विसंबशील आणि मार्च महिन्यातलं हॅरिअर मे महिन्यातल्या डॅगरसमोर उभं करशील.

डिकल, म्हणजे मॉडेलावर चिकटवायची चिन्हं आणि आकडे, आधी मिळव. किट पुन्हा बाजारात येतं, पण नेमक्या स्क्वाड्रनच्या डिकलचा ताव एकदा संपला की हाती लागेलच असं नाही. जुने ताव पिवळे पडले असतील तर उन्हाच्या खिडकीच्या काचेला काही दिवस चिकटवून ठेव, पिवळेपणा बराच उतरतो. सगळ्या संग्रहासाठी एकाच कंपनीचे रंग वापर, कारण एकाच नावाचा करडा दोन कंपन्यांच्या बाटल्यांत वेगळा निघतो. आणि हर्क्युलस चाकांवर उभं करणार असशील तर धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी नाकात वजन भर, नाहीतर ते शेपटीवर बसेल.

बांधायचा क्रम? सोपं स्कायहॉक पहिलं. हर्क्युलस तिसरं: तोवर हात बसलेला असतो आणि उत्साहही टिकून असतो. अवघड मॉडेल शेवटी ठेवलं की ते खोक्यातच राहतं.

पण हे सगळं पुढच्या वर्षी. तुझ्या 114 मधून आत्ता मी एकच नाव घेतो, स्पिटफायर, आणि एकच प्रश्न: त्याच्या प्रॉपेलरची पाती कशी वाढत गेली? सुरुवातीच्या मार्क 1 ला, म्हणजे पहिल्या आवृत्तीला, दोन पात्यांचा लाकडी प्रॉपेलर. मार्क 5 ला तीन. मार्क 9 ला चार. ग्रिफन इंजिनाच्या मार्क 14 ला पाच. आणि शेवटी सीफायर 47 ला, म्हणजे स्पिटफायरच्याच नौदलासाठीच्या आवृत्तीला, उलटसुलट फिरणारे तीन-तीन पात्यांचे दोन, म्हणजे सहा. इंजिनाची ताकद वाढत गेली, ती हवेला लावायला पाती वाढत गेली. पाच मॉडेलं, 1/72, प्रत्येकाचा पंखविस्तार 16 सेंटिमीटरच्या आत. मध्ये चार-चार सेंटिमीटर मोकळे सोडलेस तरी एक मीटरच्या फळीवर पाचही मावतात.

फळी मोजून कळव. आणि मार्क 1 चं किट घेताना आतले सुटे भाग बघून घे. काहींमध्ये तीन पात्यांचाच प्रॉपेलर असतो, आणि तुला दोन पात्यांचा हवा आहे.

तुझा,
दादा