घरच्या ओव्हनमध्ये मार्गेरिता पिझ्झा (टोमॅटो आणि मोझरेला चीजचा) केला की मध्ये ओलसर आणि कडा कडक का होतात?

मुख्य कारण उष्णता. इटलीतल्या नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीचं तापमान ४३० अंशांच्या वर असतं आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो, म्हणून कड फुगते, करपट ठिपके पडतात, तरी आतून मऊ राहते. घरचा ओव्हन २५० अंशांवर थांबतो. तिथे सात-आठ मिनिटं लागतात, तेवढ्यात कडेचं पाणी उडून जातं आणि मधला सॉस मात्र पाझरत राहतो.

उपाय म्हणजे बिडाचा जाड तवा ओव्हनमध्ये ४५ मिनिटं पूर्ण आचेवर तापवा आणि पिझ्झा थेट त्यावर सरकवा. पीठ: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३००, मीठ १५, इन्स्टंट यीस्ट १ ग्रॅम. नेपल्सच्या मूळ पिठात तेल-साखर नसते. घरी मात्र चमचाभर तेल घाला, कड मऊ राहते. तीन गोळे करून फ्रिजमध्ये २४ तास ठेवा, मग दोन-तीन तास बाहेर.

लाटणं अजिबात नको! कडेतली हवा निघून जाते आणि पिझ्झ्याची भाकरी होते. बोटांनी मधून बाहेर दाबत न्या, शेवटचा दीड सेंटिमीटर तसाच सोडा.

टोमॅटो शिजवू नका. सोलून, कुस्करून, निथळून फक्त मीठ घाला. एका पिझ्झ्याला ७० ग्रॅम पुरे. ताजं मोझरेला तासभर चाळणीत ठेवा, नाहीतर त्याचंच पाणी मधोमध साचतं.