ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही म्हणून डिफेन्सच्या खेळाडूची कारकीर्द संपते का? जेम्स हॅरिसनचं उदाहरण

तुम्ही विचारलंय की भाचा ओहायोत कॉलेजचं अमेरिकन फुटबॉल खेळतो, आउटसाइड लाइनबॅकर (बचावात कडेला उभा राहणारा खेळाडू) आहे, चपळ आहे पण उंचीला कमी पडतो असं सगळे म्हणतात. ड्राफ्टमध्ये (संघ दरवर्षी कॉलेजच्या खेळाडूंमधून आळीपाळीने निवडतात त्यात) निवड झाली नाही तर एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, विषय तिथेच मिटतो का? मी बरीच वर्षं पिट्सबर्गला राहतो आणि तिथल्या स्टीलर्स संघाचे सामने मनापासून बघतो, त्यामुळे उत्तर देताना माझ्यासमोर एकच माणूस येतो, जेम्स हॅरिसन. तोही ओहायोचाच, अ‍ॅक्रनचा. शिकला केंट स्टेटमध्ये, जिथून जॅक लॅम्बर्टसारखा लाइनबॅकर आधी स्टीलर्सकडे गेला होता.

२००२ च्या ड्राफ्टमध्ये हॅरिसनला कुणीही घेतलं नाही. कारण सरळ होतं. उंची सहा फूट, वजन साधारण ११० किलो. डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या पुढच्या ओळीत कडेला असणारा) म्हणून हलका, आणि ३-४ पद्धतीतल्या (पुढे तीन, त्यांच्या मागे चार लाइनबॅकर) आउटसाइड लाइनबॅकरसाठी बुटका. ड्राफ्टनंतर स्टीलर्सने त्याला करारावर घेतलं, पण ते घेणं म्हणजे नोकरी पक्की होणं नव्हे. मुख्य संघ ५३ जणांचा. त्यात जागा नसेल तर प्रॅक्टिस स्क्वाड, म्हणजे आठवड्याच्या पगारावर सराव करायचा आणि कधीही निरोप मिळेल या तयारीत राहायचं. स्टीलर्सने त्याला काढलं, परत घेतलं, पुन्हा काढलं. मग बाल्टिमोर रेव्हन्सने घेतलं आणि जर्मनीत ऱ्हाइन फायर या संघाकडून खेळायला पाठवलं. तेव्हा एनएफएलची युरोपात वेगळी लीग होती. तिथून आल्यावर रेव्हन्सनेही त्याला सोडून दिलं.

त्याची ताकद पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसत होती. घोडं अडत होतं ते प्लेबुकपाशी, म्हणजे संघाच्या ठरलेल्या डावपेचांपाशी. कॉल (त्या खेपेला काय करायचं याची सूचना) कळला नाही की सराव चालू असताना तो मधेच थांबायचा, हे त्या काळाबद्दल वारंवार सांगितलं गेलंय. भाच्याला एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा. लाइनबॅकरचं निम्मं काम बॉल स्नॅप होण्याआधी, म्हणजे खेळ सुरू होण्याआधी, संपलेलं असतं: समोरची रचना ओळखणं, आपल्या बाजूला टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) आहे की नाही ते बघणं, धावायचं की मागे हटून पास अडवायचा हे ठरवणं. दंड कितीही भरलेले असोत, हे येत नसेल तर कोच मैदानात उतरवत नाही.

२००४ मध्ये वजनं उचलताना लाइनबॅकर क्लार्क हॅगन्सच्या हाताला दुखापत झाली आणि स्टीलर्सना माणूस कमी पडला, म्हणून हॅरिसनला परत बोलावणं आलं. त्याच नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलंडला सामन्याआधी मारामारी केल्यामुळे स्टीलर्सचा मुख्य लाइनबॅकर जोई पोर्टरला बाहेर काढलं, आणि हॅरिसनला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळायला मिळालं. तरी पोर्टर संघात असेपर्यंत तो मुख्यतः राखीवच होता. २००७ मध्ये पोर्टर गेला तेव्हा कुठे कायमची जागा मिळाली. तेव्हा त्याचं वय २९ होतं. या वयात अनेक खेळाडू निवृत्त झालेले असतात. त्याच नोव्हेंबरात ज्या रेव्हन्सनी त्याला सोडलं होतं, त्यांच्याविरुद्ध एका रात्रीत साडेतीन सॅक, समोरच्याच्या हातून बॉल सोडवून तीन फंबल आणि एक इंटरसेप्शन, म्हणजे मधेच पकडलेला पास. (नवख्यांसाठी: पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला पास सुटायच्या आत पाडलं की सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा वाटला जातो.)

उंचीबद्दल बोलू, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा समोरचा ऑफेन्सिव्ह टॅकल साडेसहा फुटांचा, दीडशे किलोच्या आसपास. त्याचे हात लांब, पण त्याला खाली वाकणं जड जातं. कुस्तीत बुटका पैलवान पटात घुसतो तसा हॅरिसन त्याच्या काखेखाली घुसायचा, खांदा जमिनीकडे झुकवून वळण घ्यायचा आणि क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचा. टॅकलकडे दोनच मार्ग उरत, सोडून देणं किंवा गळ्याभोवती हात घालणं. दुसऱ्याला होल्डिंग म्हणतात आणि त्याचा दंड बसतो. ज्या उंचीमुळे त्याला ३२ पैकी एकाही संघाने निवडलं नव्हतं, तीच त्याच्या कामी आली. २००८ च्या मोसमात १६ सॅक करून तो लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. ड्राफ्ट न झालेल्या खेळाडूला हा मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता.

आणि मग १ फेब्रुवारी २००९, टॅम्पा, सुपर बोल ४३, म्हणजे लीगचा अंतिम सामना. स्टीलर्स १०-७ ने पुढे, पण पहिला हाफ संपायला १८ सेकंद उरलेले आणि अ‍ॅरिझोना कार्डिनल्स गुण मिळवून देणाऱ्या गोल लाइनपासून एका यार्डावर. हॅरिसनला कॉल होता क्वार्टरबॅकवर धावून जायचा. त्याने दोन पावलं पुढे टाकल्यासारखं केलं आणि मागे सरकला. वेळ इतका कमी आहे म्हटल्यावर कार्डिनल्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर झटकन आखूड पास टाकणार, हा त्याचा अंदाज. वॉर्नरने अँक्वान बोल्डनकडे पास टाकला, आणि मधे हॅरिसन उभा. तिथून तो १०० यार्ड धावला. उजव्या कडेने, साथीदार एकेकाला अडवत असताना, दम लागून पाय जड झालेले, आणि शेवटी कार्डिनल्सच्या लॅरी फिट्झजेराल्डने गाठलं तरी तो एंड झोनमध्ये, म्हणजे गोल लाइनपलीकडे, कोसळला. घड्याळ शून्यावर होतं. १०-१४ ने मागे पडायची शक्यता होती, त्याऐवजी १७-७. स्टीलर्सनी सामना २७-२३ असा जिंकला. प्लेबुक न कळणारा पोरगा कॉल मोडून बरोबर निर्णय घेण्यापर्यंत आला होता, आणि मला त्या शंभर यार्डांपेक्षा आधीची दोन पावलं मोठी वाटतात.

त्याची दुसरी बाजूही भाच्याला कळायला हवी. हॅरिसनने डोक्यावर केलेल्या टकरी गंभीर होत्या. ऑक्टोबर २०१० मध्ये क्लीव्हलंडच्या मोहम्मद मासाकोईला धडक दिल्याबद्दल लीगने ७५,००० डॉलर दंड केला. डिसेंबर २०११ मध्ये क्लीव्हलंडचा क्वार्टरबॅक कोल्ट मकॉयच्या हेल्मेटवर आदळल्याबद्दल एका सामन्याची बंदी आली. मकॉयची तपासणी न होता त्याला काही मिनिटांत परत मैदानात पाठवलं गेलं. त्यावरून इतका गदारोळ झाला की लीगने प्रत्येक सामन्यात वर बसून जखमी खेळाडूंवर लक्ष ठेवणारे अ‍ॅथलेटिक ट्रेनर (दुखापती बघणारे तज्ज्ञ) नेमले. हॅरिसनचं म्हणणं असायचं की तो शिकवल्याप्रमाणेच खेळतो. मी त्याचा चाहता आहे, तरी इथे मी लीगच्या बाजूचा आहे. मेंदूला झालेली इजा प्लास्टर घालून बरी होत नाही. भाच्याने टॅकल, म्हणजे समोरच्याला पाडणं, खांद्याने, डोकं बाजूला ठेवून करायला शिकावं, यात तडजोड नको.

पुढचं थोडक्यात. २००९ मध्ये सहा वर्षांचा, ५ कोटी डॉलरच्या वरचा करार झाला, तरी २०१३ मध्ये पगारकपात नाकारल्यावर संघाने त्याला सोडलं, कारण एनएफएलचे करार बहुतांशी हमीचे नसतात. एक मोसम सिनसिनाटीत. सप्टेंबर २०१४ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि त्याच महिन्यात जार्व्हिस जोन्सचं मनगट दुखावल्यामुळे स्टीलर्सनी पुन्हा बोलावलं. ३८ व्या वर्षी तो संघाचा सर्वाधिक सॅक करणारा खेळाडू झाला. स्टीलर्ससाठी त्याचे एकूण ८०.५ सॅक. हा विक्रम २०२३ मध्ये स्टीलर्सच्याच टी. जे. वॉटने मोडला. २०१७ च्या डिसेंबरात संघाने सोडल्यावर तो न्यू इंग्लंडकडे गेला, फिलाडेल्फियाविरुद्धचा सुपर बोल हरला आणि २०१८ मध्ये थांबला.

दार बंद होत नाही, पण ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दुखापतीमुळे किंवा जाण्यामुळे उघडतं, आणि ते कधी उघडेल हे आपल्या हातात नसतं. म्हणून पदवी पूर्ण करायला सांगाच.

भाच्यासोबत एक प्ले जरूर बघा: जानेवारी २०१७, कॅन्सस सिटीतला प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचा सामना. शेवटच्या मिनिटांत कॅन्सस सिटीच्या चीफ्स संघाने दोन जादा गुणांचा प्रयत्न यशस्वी करून १८-१८ अशी बरोबरी साधली होती, पण त्यांचा टॅकल एरिक फिशरने हॅरिसनला धरल्याबद्दल (होल्डिंग) पंचांचा झेंडा पडला आणि तो प्रयत्न रद्द झाला. पुन्हा केलेला प्रयत्न फसला आणि स्टीलर्स १८-१६ ने जिंकले. आकडेवारीत हॅरिसनच्या नावावर त्या प्लेचं काहीच नाही. तुम्ही बॉलकडे बघू नका, फिशरच्या हातांकडे आणि हॅरिसनच्या खांद्याकडे बघा.