प्लास्टिकच्या काड्यांचे पाच हजार? विमानांच्या किटची किंमत रास्त आहे का?

तुमचा प्रश्न असा की तुकडे जुळवून विमानाची प्रतिकृती बनवायचं १/७२ चं (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं) किट दोन हजाराला, १/४८ चं पाच हजाराला, आणि खोका उघडला तर आत राखाडी प्लास्टिकच्या काड्या. मग छंदवाल्यांना लुबाडतात की काय? मी गोव्यात वास्कोला राहतो, वीसेक वर्षं हेच उद्योग करतोय. माझं मत : कारखान्यातून निघताना किंमत बहुतेक वेळा रास्तच असते. आपल्या दारात येईपर्यंत ती तशी राहत नाही. आणि जुनाच साचा नव्या खोक्यात घालून विकला असेल, तर ती कुठेच रास्त नसते.

प्लास्टिक म्हणाल तर ते पॉलिस्टायरीन, त्याला फारसे पैसे पडत नाहीत. पैसे जातात पोलादी साच्यात. विमानाच्या पत्र्यांचे सांधे किटवर केसाएवढ्या खाचेने दाखवायचे, तर साच्यावर तीच रेघ उठावाची ठेवून बाकीचं सगळं पोलाद खरवडून काढावं लागतं. साच्यात नुसता ओरखडा मारणं त्यामानाने सोपं, म्हणून जुन्या किटवर रेघा वर आलेल्या दिसतात. बादलीचा साचा लाखो बादल्या काढून आपला खर्च भरून घेतो. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात ते शॉर्ट सीलँड विमान उभं आहे ना, त्याचं किट काढलं तर घेणार किती जण? तुम्ही आणि मी.

१९५३ साली एअरफिक्स कंपनीचं स्पिटफायर विमानाचं किट इंग्लंडात वूलवर्थच्या दुकानात दोन शिलिंगांना मिळायचं. जुने लोक अजून त्याच भावाच्या आठवणी काढतात. पण ते मोजक्या तुकड्यांचं होतं; आजच्या किटमध्ये नुसत्या कॉकपिटलाच कधीकधी तेवढे तुकडे असतात.

आता फसवणूक कुठे होते ते सांगतो. एका नामांकित कंपनीचं किट मी खोक्यावरचं चित्र बघून घेतलं. चित्र नवं, झकास. आत रिव्हेट ज्वारीच्या दाण्याएवढे, प्रत्येक तुकड्याच्या कडेला झिजलेल्या साच्यातून सुटलेला प्लास्टिकचा पापुद्रा, आणि धडाचे दोन अर्धे जुळवले तर मध्ये नख जाईल एवढी फट. दोन रविवार पुट्टी भरणं आणि पॉलिश पेपरने घासणं यातच गेले. नंतर कळलं, साचा माझ्या जन्माच्या आधीचा! तेव्हापासून स्केलमेट्सच्या साइटवर साच्याचा इतिहास बघितल्याशिवाय मी एक रुपया देत नाही. किटचं खरं वय तिथे कळतं.

दारापर्यंतची वाढ मुख्यतः आयात शुल्काची. ही किटं खेळण्यांच्याच वर्गात मोडतात. खेळण्यांवरचं शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. त्यावर जीएसटी, भाडं, दुकानदाराचा नफा. बेंगळुरूच्या किंवा मुंबईच्या दुकानदाराला शिव्या देऊन उपयोग नाही. त्याच्याकडे वर्षाला चार नग खपतात, त्यावर तो काय इमले बांधणार?

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी किटपलीकडचा खर्च ऐका. शाळेत होतो तेव्हा नौदलाची सी हॅरियर लढाऊ विमानं नवी आलेली, १९८३ च्या अखेरीस पहिली इथल्या दाबोळीच्या तळावर उतरली. वर्ग चालू असताना तो आवाज आला की बाईसुद्धा थांबायच्या. साहजिकच पुढे मला सी हॅरियरच बनवायचं होतं. मन लावून बनवलं, आणि शेजारच्या काकांना दाखवलं. काका मालवणचे, इथल्याच तळावरून निवृत्त. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ही साइडवाइंडर क्षेपणास्त्रं इंग्रजांच्या हॅरियरवरची. आमच्याकडे मॅजिक होती." झालं! मॅजिक क्षेपणास्त्रं वेगळी मागवली, भारतीय नौदलाची डिकल, म्हणजे विमानावर चिकटवायची चिन्हं, वेगळी मागवली. किटच्या निम्मे पैसे पुन्हा गेले. आपलं विमान बनवायचं तर हा दंड धरूनच चालायचा.

रंगांचं वेगळंच. त्यातले बरेच ज्वलनशील, विमानाने सहसा पाठवत नाहीत, रस्त्याने रखडत येतात. त्यात आपला पावसाळा. एकदा जुलैत मी चकाकीचा स्प्रे मारला आणि दहा मिनिटांत अख्ख्या विमानावर दूध सांडल्यासारखा पांढुरका थर आला. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी रंगात अडकतं, असं त्याचं कारण. आता जूनपासून चवथ उलटेपर्यंत मी नुसतं कापतो, चिकटवतो, घासतो. डिकल तर हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर पिवळी पडतात. पडलीच तर खिडकीच्या काचेला टेपने लावून उन्हात ठेवा, पुष्कळदा उजळतात.

"तासाला किती पडतं ते बघा, सिनेमापेक्षा स्वस्त," असं छंदवाले सांगतील. मला हा हिशोब पटत नाही. माझ्या कपाटात सतरा किटं न उघडलेली पडली आहेत, त्यांचा तास काय भावाने लावू?

तुमच्या जागी मी असतो तर १/७२ चं, गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या साच्याचं एकच किट घेतलं असतं. सोबत नेलकटर, ब्लेड, पॉलिश पेपर, पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा चिकटद्रव) आणि चार रंग, ब्रशने लावायचे. हवेने रंग फवारणारा एअरब्रश आणि त्याचा कॉम्प्रेसर तिसऱ्या विमानानंतर. कुठलं किट मनात आहे ते खाली लिहा, साच्याचं साल बघून घ्यायचं की नाही ते सांगतो.