टायर बदलताना पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

तुमचा प्रश्न असा आहे: पुढच्या चाकांना ताकद जाणारी हॅचबॅक, टायरचं माप १८५/६५ आर१५ ८८एच, ४२ हजार किलोमीटर झाले. पुढचे दोन जवळजवळ गुळगुळीत झालेत, मागच्यांची निम्मी नक्षी शिल्लक आहे. दुकानदार १९५/६५ टाका म्हणतोय, कोणी चारही बदला म्हणतंय, आणि स्वस्तातले घ्यावेत की नावाजलेले, हे ठरत नाहीये.

आधी जुने टायर नीट बघा. ते उतरवून एकदा टाकून दिले की त्यांच्याकडची माहिती गेली. दोन्ही कडा झिजल्यात आणि मधला पट्टा शाबूत आहे, तर हवा सतत कमी राहिली. मधलाच पट्टा गेला असेल तर हवा जास्त होती. फक्त आतली कड खाल्लेली दिसली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलेत. जागोजागी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर तपासून घ्या. मग तळहात टायरवर आडवा फिरवा, बाहेरून आत आणि परत आतून बाहेर (तारा उघड्या पडल्या असतील तर मात्र हात लावू नका). एका बाजूने हात सहज सरकतो आणि परत येताना करवतीच्या दातांसारखं टोचतं, तर टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला आहे. हा दोष तसाच ठेवून कितीही भारी टायर घातले तरी तेही तसेच खाल्ले जातील. म्हणून बजेट कमी असेल तर टायर एक पायरी खालचा घ्या, पण अलाइनमेंटचे पैसे वाचवू नका.

दोन की चार? मागच्यांवर ४ मिमी नक्षी आहे आणि ते फार जुने नाहीत, तर दोनच घ्या. फक्त नवे दोन मागे लावा आणि मागचे पुढे आणा. बहुतेकांना हे उलटं वाटतं, कारण ओढ आणि स्टिअरिंग दोन्ही पुढच्या चाकांकडे असतं. पण साचलेल्या पाण्यावर कमी नक्षीचा टायर आधी तरंगतो. पुढचे तरंगले तर गाडी सरळ जाते, तुम्ही अॅक्सिलरेटर सोडता आणि पकड परत येते. मागचे तरंगले तर गाडीची शेपटी फिरते, आणि ती सावरणं सराईत चालकालाही अवघड जातं. शिवाय पुढे आणलेले जुने टायर लवकर संपतील, तेव्हा दुसरी जोडी घेता येईल. एका अॅक्सलवरचे (पुढचे किंवा मागचे) दोन्ही टायर मात्र एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे हवेत. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असती तर उत्तर वेगळं असतं. तिथे चारही टायरचा घेर जवळजवळ सारखा लागतो, नाहीतर डिफरन्शियलवर, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरवर, ताण येतो.

स्टेपनीही काढून बघा. ती पूर्ण मापाची, त्याच मॉडेलची आणि वयाने कमी असेल, तर एकच नवा टायर घेऊन जोडी पूर्ण होते.

आता माप. १८५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के उंचीची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत), आर म्हणजे रेडियल, १५ हा रिमचा इंचातला व्यास. ८८ हा भारांक, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. भारांक आणि वेगाचं अक्षर गाडीच्या पुस्तिकेत दिल्यापेक्षा खाली कधीच उतरू नये, जास्त असलेलं चालतं.

दुकानदाराच्या सल्ल्याचा हिशेब करू. १८५/६५ आर१५ चा पूर्ण व्यास ६२१.५ मिमी. १९५/६५ आर१५ चा ६३४.५ मिमी, म्हणजे २.१ टक्के जास्त. स्पीडोमीटर तेवढा कमी दाखवेल, ओडोमीटरवर किलोमीटर कमी चढतील, चाक वळवल्यावर टायर चाकावरच्या कमानीतल्या अस्तराला घासू शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिमची रुंदी. १८५/६५ हा ५ ते ६.५ इंच रुंद रिमवर बसतो, १९५/६५ ला किमान ५.५ लागते. तुमच्या रिमवर ‘५जे’ (म्हणजे ५ इंच रुंदी) कोरलेलं असेल तर हा विषय तिथेच संपला. रुंद टायर दिसायला भरदार असतो, पण तो पाण्यावर लवकर तरंगतो आणि सहसा इंधनही थोडं जास्त घेतो. माझं मत स्पष्ट आहे: कंपनीने दिलेलं मापच घ्या.

किमतीकडे येऊ. टायर किती रुपयांना मिळतो यापेक्षा हजार किलोमीटरला किती पडतो, हे बघायचं. समजा (आकडे फक्त तुलनेसाठी) एक टायर १०० ला आहे आणि ३५ हजार किलोमीटर चालेल, दुसरा १३० ला आणि ५५ हजार चालेल. बसवणं, बॅलन्सिंग आणि व्हॉल्व्ह मिळून प्रत्येक वेळी १२ धरा. पहिला हजाराला ३.२० पडतो, दुसरा २.५८. महागडाच सुमारे १९ टक्क्यांनी स्वस्त निघाला. पण हा हिशेब सगळ्यांना लागू होत नाही. वर्षाला पाचच हजार किलोमीटर चालवणाऱ्याचं रबर नक्षी संपण्याआधी म्हातारं होतं. सहा वर्षांत त्याची धाव ३० हजारच. त्याने जास्त आयुष्याचे पैसे मोजू नयेत, ते ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी मोजावेत.

पकड, झीज आणि इंधन या तिघांची ओढाताण असते. रबर कडक केलं की टायर जास्त टिकतो, पण ओल्यात पकड घटते. सिलिका मिसळलेल्या रबरामुळे हा तिढा बराच सुटला, आणि चांगल्या टायरचे जास्तीचे पैसे मुख्यतः यासाठीच जातात. सर्वांत स्वस्त टायर कोरड्यात ठीक वाटतात. त्यांची कमतरता पहिल्या जोरदार पावसात ब्रेक दाबल्यावर कळते, म्हणून तळाचा दर्जा मी सुचवणार नाही. सर्वांत वरचाही लागत नाही. नावाजलेल्या कंपनीचा मधला टायर, किंवा मोठ्या कंपनीच्या दुसऱ्या नावाखाली येणारा टायर, यात सहसा पैशाचं मोल सर्वाधिक मिळतं.

साइडवॉलवर ‘ट्रेडवेअर ३४०, ट्रॅक्शन ए, टेंपरेचर ए’ अशी ओळ दिसेल. ही अमेरिकी पद्धत आहे. ट्रेडवेअरचा आकडा १०० गुणांच्या प्रमाणित टायरशी तुलना करून काढतात, पण चाचणी कंपनी स्वतःच करते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत तो उपयोगी पडतो, दोन कंपन्यांत कमी. ट्रॅक्शन फक्त सरळ रेषेतल्या ओल्या ब्रेकिंगचा, वळणाचा नाही. युरोपीय लेबल मिळालं तर ते आधी बघा. त्यात इंधन आणि ओली पकड यांना ए ते ई असे वेगवेगळे दर्जे असतात. पकडीत बी च्या खाली जाऊ नका. इंधनाच्या दर्जासाठी फार पैसे ओतू नका. घरंगळण्याचा विरोध १० टक्क्यांनी घटला तरी इंधन साधारण १-२ टक्केच वाचतं.

वापरलेले टायर स्वस्त वाटतात, म्हणून हिशेब सांगतो. नव्या टायरवर ८ मिमी नक्षी धरली आणि टायर संपल्याचं दाखवणारी खाचांतल्या उंचवट्यांची १.६ मिमीची खूण धरली, तर वापरायला ६.४ मिमी मिळतात. निम्म्या किमतीतल्या ४ मिमीच्या टायरवर २.४ मिमी उरतात, म्हणजे ५० टक्के पैशात ३७.५ टक्के रबर. आणि पावसाळी रस्त्यांसाठी ३ मिमीला बदलायचं ठरवलंत (मी तेच सांगेन), तर नव्यातले ५ मिमी आणि जुन्यातला फक्त १ मिमी हाती येतो. वर आतल्या तारा कुठे तुटल्यात ते बाहेरून दिसत नाही.

घेताना तारीख वाचा. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ‘३५२४’ म्हणजे २०२४ चा ३५वा आठवडा, ऑगस्टची अखेर. हे आकडे बहुधा एकाच बाजूला असतात. दिसले नाहीत तर टायर उलटवायला सांगा, ‘सगळा माल ताजाच आहे’ यावर थांबू नका. वर्षाच्या आतला घ्या. त्याहून जुना असेल तर दर कमी करून मागा, दोन वर्षांवरचा नको. जोडीतल्या दोन्हींची तारीख वेगवेगळी वाचा. मागच्या जुन्या टायरचीही बघा: पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी हवी, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, तो काढायचाच.

बसवताना समोर उभे राहा. रिमच्या कडेचा गंज घासून काढला पाहिजे, नाहीतर तिथून हवा हळूहळू जाते. रबरी व्हॉल्व्ह नवीनच घाला. व्हॉल्व्हला हवेचा सेन्सर असेल तर टायर रिमवरून सोडवण्याआधी कामगाराला सांगा, नाहीतर टायर सोडवायच्या पट्टीने तो मोडतो. टायरवर फिरण्याचा बाण असेल किंवा ‘आउटसाइड’ लिहिलं असेल तर ते बरोबर बसलंय ना, हे गाडी खाली घेण्याआधी बघा. जुनी वजनं काढून मगच बॅलन्सिंग. नट हवेच्या गनने कचकचून आवळू देऊ नका. शेवटचा आवळ टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरावर आवळणाऱ्या), पुस्तिकेतल्या आकड्यावर. लहान-मध्यम गाड्यांना तो बहुधा ९० ते १२० न्यूटन-मीटर असतो. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पुढे ८० ते ११० च्या वेगात स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग चुकलंय, परत जा.

हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर गार असताना. साइडवॉलवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. नायट्रोजनला पैसे देऊ नका, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. पहिले ३०० किलोमीटर जरा सांभाळून चालवा, नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रवाचा थर असतो.

खाच मोजायचं साधं गेज घ्या आणि पहिल्या दिवशी प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा: आत, मध्ये, बाहेर. दहा हजारांनंतर पुन्हा मोजा. ८.० चे ६.९ झाले असतील तर झीज १.१ मिमी, आणि ३ मिमीपर्यंत मिळणारी एकूण धाव सुमारे ४५ हजार. उंच नक्षी सुरुवातीला थोडी वेगाने झिजते, त्यामुळे खरी धाव याहून जास्तच निघेल. आतली आणि बाहेरची मोजमापं अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वेगळी आली, तर त्याच आठवड्यात अलाइनमेंट करून घ्या.