छापायला देण्याआधी पट्टी उलटी धरून बघ

भावा, तुझी रंकाळ्यावरची चार चौकटींची व्यंगचित्रपट्टी बघितली. रेष जिवंत आहे, पण लगेच छापायला देऊ नकोस. दोन दिवस बाजूला ठेव, मग कागद उजेडासमोर मागच्या बाजूनं धर, चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसेल. तिसऱ्या चौकटीतल्या आजोबांचा डोळा कानाकडे सरकलाय, तो लगेच खटकेल.

जास्त वेळ संवादांच्या फुग्यांना दे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून आधी बोलणारा डावीकडेच हवा. तुझ्या भेळवाल्याचं उत्तर गिऱ्हाइकाच्या प्रश्नाआधी वाचलं जातं, विनोद तिथंच मरतो. चौकट पुन्हा काढायला लागली तरी काढ. आणि अक्षरं आधी लिही, फुगा नंतर आख. वेलांट्या-उकारांना वर-खाली जागा लागते. ओळी चिकटल्या की ‘कु’ आणि ‘कू’ ओळखू येत नाहीत.

फेट्याच्या चुण्या कमी कर, लहान मापात त्यांचा काळा डाग होतो. छापायच्या मापातच प्रिंट काढून वाच. काळ्या रेषेचं स्कॅन किमान ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) कर. अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेव. चार रंग मिसळून काळा केलास, तर छपाई जराशी हलली तरी कडा धूसर होतात.

दुरुस्त केलेलं पान घेऊन ये, शनिवारी पापाच्या तिकटीच्या चौकात असतो मी.