शून्य पुसलं आणि ६१७४ हरवला

प्रश्न : आदरणीय बाई, सादर नमस्कार. मी नववीत आहे. २२ डिसेंबरच्या गणित दिनाला धरून आमच्या शाळेत विज्ञान-गणित सप्ताह झाला. मी कापरेकर स्थिरांक घेतला होता. शेजारच्या बाकावर सिरिंजा जोडून केलेला जेसीबी होता, त्याच्यापुढे सारखी गर्दी. माझ्याकडे एक फळा, खडू आणि ओलं फडकं एवढंच. तरी दोन दिवस छान गेले. लोक चार अंकी संख्या सांगायचे. मी अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या, वजाबाकी करायचे, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. शेवटी ६१७४ आला की सातवीच्या मुली टाळ्या वाजवायच्या.

तिसऱ्या दिवशी परीक्षक आले. त्यांनी २१११ दिली. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. मग ९९९ वजा ९९९, शून्य! मी तीनदा फळा पुसून करून पाहिलं. “तुझा नियम खोटा आहे,” असं म्हणून ते पुढे गेले. सातवीच्या मुली तिथेच उभ्या होत्या. मला रडू आवरेना. उरलेले दिवस मी बाकावर बसलेच नाही. बाई, नियम खरंच चुकतो का? आणि ६१७४च का येतो, हे मला कुणी विचारलं असतं तर तेही सांगता आलं नसतं.
– एक विद्यार्थिनी, सिन्नर तालुका

उत्तर : बाळ, नियम खरा आहे. तुझी वजाबाकीही बरोबर आहे. फक्त डावीकडचं शून्य खाल्लं गेलं. एरवी ०९९९ आणि ९९९ एकच, म्हणून तुला ते सुचलं नाही. पण इथे खेळ चार घरांचा आहे. मोबाइलचं कुलूप ०९९९ असेल तर ९९९ दाबून उघडतं का? तसंच हे. आता शून्य धरून कर : ९९९० वजा ०९९९, उत्तर ८९९१. पुढे ९९८१ वजा १८९९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. परीक्षकांची संख्या पाचव्या वजाबाकीला घरी पोचली. चारही अंक सारखे नसले, की कुठलीही संख्या जास्तीत जास्त ७ वजाबाक्यांत पोचते.

मी तीस वर्षं गणित शिकवलं. डावीकडचं शून्य हुशार मुलंही खातात, कारण आपणच त्यांना ते लिहू नका म्हणून शिकवलेलं असतं. मला वाईट वाटलं ते परीक्षकांचं. दोन मिनिटं थांबून “पुन्हा बघू या” म्हणायला हवं होतं त्यांनी.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. उतरत्या क्रमाने लावलेले अंक क, ख, ग, घ समज. संख्या उलटी करून वजा केलीस, की उत्तर नेहमी असं येतं : (क – घ) गुणिले ९९९, अधिक (ख – ग) गुणिले ९०. कागदावर मांडून पाहा, हजार, शतक, दशक, एकक वेगळे लिही, आपोआप दिसेल. म्हणजे मूळ संख्या कुठलीही असो, उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असूच शकत नाही. पहिला १ असेल तर दुसऱ्याचे २ पर्याय, पहिला २ असेल तर ३, असं करत ९ ला १०. बेरीज ५४. हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत गोळा होतात! त्यातली ६१७४ ही एकच अशी, की तिचे फरक ६ आणि २, आणि ५९९४ अधिक १८० पुन्हा ६१७४. बाकीच्या ५३ तिच्याकडेच येतात, हे हाताने तपासता येतं. त्या सातवीच्या मुलींना सोबत घे, एका दुपारचं काम आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर तुझ्याच जिल्ह्यात, देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. १९४९ मध्ये त्यांनी हे शोधलं, ना प्रयोगशाळा होती, ना मोठं पद. तुझ्या फळा-खडूची लाज वाटून घेऊ नकोस.

तीन अंकांना ४९५ येतो. दोन अंकांना मात्र थांबाच नाही : ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, असं चक्र फिरत राहतं. हे पुढच्या वर्षी लोकांना करायला दे. आणि फळ्यावर आधी चार चौकोन आख, प्रत्येक चौकोनात एक अंक. रिकामा चौकोन दिसला की शून्य आठवेलच.